निळी पिशवी की पिवळी

रविवारी सकाळी वहिनीने मातीकामाचा एप्रन धुवायला काढला आणि सवयीने खिसे उलटे केले. एका खिशातून फडकं निघालं, दुसऱ्यातून तळहाताएवढी वही. वही ओली होऊ नये म्हणून तिने ती बाजूला ठेवली, मग सहज उघडली. दीड महिन्यापूर्वीच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बरणी. तीन किलो. पिवळी.’

तिने ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

ती बरणी या क्षणी भट्टीत होती, आणि भट्टी सकाळी सहाला आपोआप सुरू झाली होती.

वहिनी म्हणजे इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात एकतीस वर्षं काम करून नुकतीच निवृत्त झालेली बाई. रोज शे-दीडशे नळ्या हाताखालून जायच्या. नळीवरचं नाव एक आणि आतलं रक्त दुसऱ्याचं, असं तिच्या हातून एकदाही झालं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र तिच्या मनात एक पाल चुकचुकू लागली होती. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, त्रेसष्टाव्या वर्षी. आधी किल्ल्या, मग चष्मा, मग गॅसवरचं दूध. शेवटी आईने तिलाच विचारलं होतं, “बाई, तुम्ही कुणाच्या?” वहिनी आता एकसष्ट वर्षांची होती. गेले चार महिने ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होती, आणि का लिहिते हे कुणालाच सांगत नव्हती. नवऱ्यालाही नाही.

मातीकामाला तिला नेलं ते तिच्या नणंदेने. नणंद पंचावन्न वर्षांची, पण लहानपणापासून सगळे तिला बेबी म्हणत, आणि ते नाव तिला अजून सुटलं नव्हतं. “वहिनी, घरात बसून तू भिंतींचं रक्त तपासायला लागशील,” असं म्हणून तिने तिला ओढत नेलं. बेबीच्या तोंडून ऐकून सगळा स्टुडिओच तिला वहिनी म्हणू लागला.

स्टुडिओ वाचनालयाच्या मागच्या लांबट खोलीत होता. पाच चाकं, दोन मोठी टेबलं, भिंतीभर फळ्या आणि जाळीच्या दारामागे भट्टी. वर्गणी भरून कुणीही सभासद व्हावं, आपला नंबर घ्यावा आणि नियम पाळावेत. तो सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीण म्हणत. पहिल्याच दिवशी मास्तरणीने वहिनीला चाकावर नाही, नियमांच्या फलकासमोर उभं केलं होतं.

“नखं कापून यायचं,” ती म्हणाली होती. “कोरडा झाडू मारायचा नाही, ही धूळ छातीत बसते. ओल्या फडक्याने पुसायचं. हात बादलीत धुवायचे, मोरीत नाही. मागच्या वर्षी मोरी तुंबली तेव्हा वाचनालयात पाणी शिरलं. भांडं नीट वाळल्याशिवाय भट्टीच्या फळीवर ठेवायचं नाही, ओलं असलं तर आत फुटतं आणि शेजाऱ्यालाही घेऊन जातं. बुडाला ग्लेझ, म्हणजे चकाकीचा लेप, लावायचं नाही, ते वितळून फळीला चिकटतं.”

“आणि मातीचा नियम सगळ्यात मोठा,” बेबी मध्येच म्हणाली होती. “तो मी मोडला तेव्हा बाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.”

“दोन आठवडे,” मास्तरीण म्हणाली. तिने दोन पिशव्या पुढे ओढल्या. एकीवर निळी पट्टी, दुसरीवर पिवळी. “निळ्या पट्टीची माती मोठ्या आचेची. साडेबाराशे अंशांपर्यंत तिला काही होत नाही. पिवळ्या पट्टीची हजारापर्यंतच. त्यापुढे ती पाघळते, नुसता रेंदा होतो आणि खालच्या भांड्यांवर गळतो. हातात घेतली तर दोन्ही सारख्याच, पांढुरक्या. पहिली कच्ची भाजणी दोन्हींची सारखीच होते, त्यामुळे तेव्हाही फरक कळत नाही. म्हणून कुठली माती घेतली ते रजिस्टरात लिहायचं. विसरायचं नाही.”

विसरायचं नाही. तो शब्द वहिनीला टोचला होता, पण ती हसून हो म्हणाली होती.

आणि शनिवारी, पक्क्या भाजणीसाठी भट्टी भरताना, मास्तरणीने तिची झाकणाची बरणी हातात घेऊन विचारलं होतं, “माती?”

“निळी,” वहिनीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं होतं. मास्तरणीने रजिस्टर पाहिलं. तिथेही वहिनीच्याच अक्षरात ‘निळी’ होतं. बरणी वरच्या फळीवर गेली.

तिच्या बरोबर खालच्या फळीवर ड्रायव्हरकाकांचा वाडगा होता. ड्रायव्हरकाका म्हणजे निवृत्त बसचालक. मुळात सभासद त्यांची बायको होती. गेल्या वर्षी ती गेली, आणि तिने घडवलेला रुंद तोंडाचा एक वाडगा ग्लेझ न लावता फळीवर राहिला. काकांनी तो घरी नेला नाही. स्वतः सभासद झाले, आठ महिने स्वतःच्या वेड्यावाकड्या वाट्यांवर ग्लेझ लावायला शिकले, आणि हात बसल्याची खात्री झाल्यावरच बायकोच्या वाडग्याला हात लावला. शनिवारी तो आत ठेवताना त्यांनी मास्तरणीला दोनदा विचारलं होतं, “इथे सुरक्षित आहे ना?”

वहिनी न्हाणीघराच्या दारात वही धरून उभी होती. बादलीचा नळ तसाच वाहत होता.

दोन्ही अक्षरं तिचीच. एक ‘निळी’ म्हणत होतं, एक ‘पिवळी’. खरं कुठलं? तिने तो दिवस आठवून पाहिला. पिशवीची गाठ आठवली, तारेने माती कापल्याचा सर्रकन आवाज आठवला. पट्टीचा रंग काही केल्या आठवेना. जितकं आठवू जावं तितकी पट्टी कधी निळी दिसे, कधी पिवळी.

तिने मास्तरणीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मग तिला आठवलं, मास्तरीण आज वडिलांना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन जाणार होती.

आणि मग तो दुसरा विचार आला, ज्याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली. बरणीवर नाव नव्हतं, तळाला नुसता नंबर होता. बरणी वितळली तर नंबरही वितळणार. रजिस्टरात निळी लिहिलेलं. मास्तरणीने स्वतः पाहिलेलं. माती सदोष निघाली म्हणतील, भट्टीचं काही बिनसलं म्हणतील. वही फाडून टाकली की झालं. कुणी म्हणणार नाही की वहिनीला हल्ली आठवत नाही.

तिने नळ बंद केला. मग बेबीला फोन लावला.

“अगं, तुझी वही चुकली असेल,” बेबी म्हणाली. “रजिस्टर आहे की.”

“दोन्ही मीच लिहिलंय, बेबी.”

“मग पन्नास टक्के तर बरोबर आहेस.”

“चेष्टा नको ना गं.” वहिनीचा आवाज चिरकला. पस्तीस वर्षांत बेबीने हा आवाज ऐकला नव्हता.

“दहा मिनिटांत वाचनालयापाशी ये,” बेबी म्हणाली. “मी निघालेच.”

स्टुडिओची दुसरी चावी वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे असे. ग्रंथपाल नेमक्या स्वभावाचे. पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी ते चष्म्यावरून असं बघत की माणसाने परत पुस्तकच घेऊ नये. “चावी सभासदांना देता येत नाही,” ते म्हणाले. बेबीने तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी टेबलावर ‘पंधरा मिनिटांत येतो’ची पाटी ठेवली. “पण मी बरोबर येऊ शकतो.”

खोलीचं दार उघडताच कोरडी ऊब अंगावर आली. जाळीच्या दारामागे भट्टी हलकेच गुणगुणत होती. तिच्या पेटीवर लाल आकडे होते. सहाशे नव्वद.

“साडेबाराशेला जाणार ना?” बेबी म्हणाली. “मग वेळ आहे.”

“हजारापर्यंतच वेळ आहे. आणि तासाला दीडशेने चढते.”

तिघांनी फलक पाहिला. शेवटून दुसरी ओळ होती, ‘सभासदांनी भट्टीला हात लावू नये.’ शेवटची ओळ होती, ‘आणीबाणीत भिंतीवरचा लाल खटका खाली ओढावा. भट्टी कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.’

“आता ही आणीबाणी आहे का?” ग्रंथपालांनी विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं.

खटका ओढावा आणि बरणी निळ्याच मातीची निघावी, म्हणजे सतरा जणांची भाजणी विनाकारण मोडली, आणि वहिनीचं डोकं फिरलंय हे जगजाहीर झालं. न ओढावा आणि माती पिवळी निघावी, म्हणजे ड्रायव्हरकाकांचा वाडगा. इकडे आड, तिकडे विहीर. आकडा सातशे चारवर गेला.

“वहिनी, तुझं मन काय म्हणतं?” बेबीने विचारलं.

“माझ्या मनावरच तर माझा विश्वास नाही!” ती जवळजवळ ओरडली. ग्रंथपालांनी नजर दुसरीकडे वळवली. वहिनी स्टुलावर बसली आणि खाली मान घालून म्हणाली, “आईसारखं होतंय मला, बेबी. चार महिने मला हीच भीती आहे.”

बेबी शेजारी उकिडवी बसली आणि तिने वहिनीचा हात हातात घेतला. मग म्हणाली, “बरं. मग तुझ्या आठवणीला विचारूच नको. तुमच्या लॅबमध्ये दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले तर काय करायचात?”

“कागद बाजूला ठेवून नमुना तपासायचा,” वहिनी म्हणाली. आणि बोलता बोलताच ती उभी राहिली.

नमुना भट्टीत होता. पण पिशव्या बाहेर होत्या.

निळ्या पिशव्या रोज लागत, आठवड्याला दोन-तीन संपत, त्यांचा हिशोब लागणं शक्य नव्हतं. पिवळी मात्र क्वचितच कुणी घेई. तिने रजिस्टर उघडलं आणि बोट खाली फिरवत नेलं. पिवळी पिशवी दोन महिन्यांपूर्वी फोडलेली. वीस किलोची. त्यातून माती घेतल्याची एकच नोंद होती, बेबी, दोन किलो.

“साबणाच्या डिश,” बेबी म्हणाली. “छान झाल्यात. साबण घसरतो, पण छान झाल्यात.”

“म्हणजे अठरा किलो उरायला हवी.”

ग्रंथपाल आणि बेबीने पिशवी उचलून वजनकाट्यावर ठेवली. काटा झुलला, डुलला आणि पंधरावर थांबला.

वहिनीने पिशवी उतरवायला लावली, काटा शून्यावर आहे की नाही ते पाहिलं, आणि पुन्हा ठेवायला लावली. पंधरा.

“बेबी, तू नक्की दोनच किलो घेतलीस? खरं सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

“अगं, साबणाच्या डिशला पाच किलो माती लागते का? त्यात साबण ठेवायचाय की म्हैस?”

“वाळून कमी झाली असेल?” ग्रंथपाल म्हणाले.

वहिनीने पिशवीत हात घातला. माती थंड, लुसलुशीत, ओली होती. “तीन किलो वाळली असती तर दगड झाला असता,” ती म्हणाली. तीन किलो. वहीत लिहिलं होतं तेवढीच.

आकडा सातशे ऐंशी होता. बेबीने मास्तरणीला पुन्हा एकदा फोन लावून पाहिला. बंद. वहिनी भिंतीपाशी गेली. खटका तिच्या खांद्याइतक्या उंचीवर होता. तिने हात ठेवला, काढला, एप्रन नव्हता म्हणून साडीलाच पुसला, आणि पुन्हा ठेवला. खाली ओढताना वाटलं होतं त्याहून जास्त जोर लागला. खट् आवाज झाला आणि गुणगुण थांबली. शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. लाल आकडे विझले होते. विझण्याआधीचा आकडा तिने वहीत लिहिला, सातशे त्र्याऐंशी. खाली वेळ लिहिली, आणि ग्रंथपालांना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली. त्यांनी वळणदार सही केली.

मास्तरणीचा फोन दुपारी एकला आला. वहिनीने सगळं सांगितलं. वहीचं, रजिस्टराचं, वजनाचं.

“भट्टी उघडली नाहीत ना?” मास्तरणीने विचारलं.

“नाही.”

“कुणाला उघडू देऊ नका. उद्या येते मी.” फोन बंद झाला. शाबासकी नाही, राग नाही. वहिनीला राग परवडला असता. दिवसभर ती त्या दोन वाक्यांचा सूर आठवून पाहत राहिली. जेवणात मीठ दोनदा पडलं की नेहमीच एवढं असतं, हेही तिला ठरवता येईना. नवऱ्याने विचारलं, “बरं नाही का?” तिने सांगितलं, “डोकं दुखतंय.”

सोमवारी संध्याकाळी भट्टी निवली. मास्तरणीने झाकण उचललं तेव्हा आठ-दहा सभासद जमले होते. आपली भांडी तयार झाली नाहीत हे कळल्यावर कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, “कुणी केला हा उद्योग?”

“मी सांगते नंतर,” मास्तरीण म्हणाली.

“नको,” वहिनी म्हणाली. “मीच सांगते.” आणि तिने सांगितलं. माती चुकीची घेतली, रजिस्टरात चुकीचं लिहिलं, शनिवारी विचारल्यावर पुन्हा चुकीचं सांगितलं. तिने काही गाळलं नाही. शेवटी ती ड्रायव्हरकाकांकडे वळली. “तुमचा वाडगा माझ्या बरणीच्या खाली होता.”

काकांनी भट्टीत वाकून वाडगा पाहिला. ग्लेझचा थर अजून भुकटीसारखा होता, काहीच झालं नव्हतं. ते सावकाश सरळ झाले.

“चाळीस वर्षं बस चालवली,” ते म्हणाले. “ब्रेकचा नुसता संशय आला तरी मी गाडी बाजूला घ्यायचो. प्रवासी काय वाट्टेल ते बोलायचे.”

“तुम्हीही बोला की.”

“बोलणार होतो,” काका म्हणाले. “पण तुम्ही एवढं सगळं स्वतःच बोललात, माझ्यासाठी काही उरलंच नाही.”

मास्तरणीने बरणी बाहेर काढली. झाकण हातोडीने हलकेच ठोकून एक तुकडा पाडला, जुन्या बशीत ठेवला आणि बशी भट्टीच्या सगळ्यात खालच्या फळीवर सरकवली. “माझीही खात्री होऊ दे,” ती म्हणाली. मंगळवारी भट्टी पुन्हा लागली. गुरुवारी उघडली तेव्हा तुकडा नव्हताच. बशीत तपकिरी, चकचकीत थारोळं होतं, बशीला कायमचं चिकटलेलं. त्याच्या वर दोन फळ्या सोडून काकांचा वाडगा होता, गर्द हिरवा, काठापाशी जरासा निळसर. काकांनी तो हातरुमालात गुंडाळला आणि ते निघून गेले.

वहिनीची माती पिवळीच होती. म्हणजे वही खरी होती आणि ती रजिस्टरात चुकली होती. शनिवारी ठामपणे बोललेलं वाक्य खोटं होतं. याने तिला हायसं वाटायला हवं होतं की भीती वाढायला हवी होती, तेच तिला कळेना.

“आता डॉक्टरकडे जायचं,” बेबी म्हणाली. “आणि दादाला तू सांगतेस की मी सांगू?”

वहिनीने सांगितलं. नवरा वर्तमानपत्र हातात धरून ऐकत राहिला. मग उठून त्याने स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी वहिनीला पाच शब्द सांगितले, गप्पा मारल्या, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मग पाच शब्द विचारले. वहिनीने चार सांगितले. पाचवा आठवेना. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला यांच्यात काही बदल जाणवला का गेल्या काही महिन्यांत?”

“हो,” तो म्हणाला. “चार महिन्यांपासून ही माझ्याशी नीट बोलत नाही.”

वहिनीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरचा पेपरवेट उचलून हातात फिरवत होता.

डॉक्टरीणबाईंनी कागद मिटला. “पाचापैकी चार हे या वयात चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “आज मला काळजीचं काही दिसत नाही. पण आईंचा इतिहास आहे, म्हणून वर्षाने पुन्हा या. झोप कशी आहे?”

“नाही येत,” वहिनी म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती बोलतच राहिली, आईच्या किल्ल्यांपासून. नवऱ्याने पेपरवेट खाली ठेवला आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.